व्हर्च्युअल मशीनसाठी सिक्युरिटी सॉफ्टवेअर कसं निवडायचं: छोट्या ऑफिसच्या आयटीवाल्यांसाठी

ऑफिसात एक किंवा दोन सर्व्हर. त्यावर पाच-सात व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर: एकावर डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर), एकावर टॅली, एकावर एसक्यूएल (डेटाबेस), एक फाइल सर्व्हर, कोपऱ्यात एखादं लिनक्स. साहेबांनी सांगितलंय, "सगळ्या सर्व्हरना चांगलं अँटिव्हायरस टाकून घे." डीलरकडून तीन कोटेशनं आली आहेत आणि तिन्हींत मोजणी वेगळी: एकात मशीनमागे दर, दुसऱ्यात सॉकेटमागे (सर्व्हरवर प्रोसेसर बसतो ती जागा), तिसऱ्यात सरसकट रक्कम. ज्यांची गाडी इथेच अडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशाच ऑफिसांचे सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतो. बहुतेकजण आधी ब्रँड ठरवतात आणि मग तो व्हीएमवर कसा बसवायचा ते शोधत बसतात. क्रम उलटा हवा. पहारा कुठे बसवायचा ते आधी ठरवा, पहारेकरी कोण ते नंतर.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- सगळ्या व्हीएमची ताजी यादी, बंद पडलेल्यांसकट
- हायपरवायझरचं (व्हीएम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) नाव, व्हर्जन आणि त्याच्या लायसनची मुदत
- होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतात तो खरा सर्व्हर) किती सीपीयू सॉकेट आहेत, रॅम किती आणि त्यातली मोकळी किती
- डिस्क एसएसडी आहेत की फिरत्या, रेड (डिस्क एकत्र बांधायची पद्धत) कोणती
- बॅकअप कुठे जातो आणि शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला होता
- टॅली, ईआरपी, एसक्यूएल वगैरेंच्या कंपन्यांनी दिलेली एक्सक्लूजनची (स्कॅनमधून वगळायच्या फाइली आणि फोल्डर) यादी
- आधीच्या अँटिव्हायरसचा अनइन्स्टॉल पासवर्ड (हा कुणालाच आठवत नाही, आजच शोधून ठेवा)

## १. यादी प्रत्यक्ष बघून करा

हायपरवायझरच्या कन्सोलमधून नावं उतरवून घेणं पुरेसं नाही. प्रत्येक व्हीएममध्ये शिरा आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं नेमकं व्हर्जन लिहा. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तरीही "ते जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं" म्हणून अशी मशीन जागोजागी जिवंत आहेत. सिक्युरिटी कंपन्यांची नवी व्हर्जन जुन्या सिस्टिमवर बसतीलच असं नाही. ब्रोशरवर "सर्व विंडोजवर चालते" असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. कंपनीच्या साइटवरची सपोर्टेड सिस्टिमची यादी उघडा आणि आपलं व्हर्जन तिच्यात आहे का ते स्वतः बघा.

बंद असलेल्या व्हीएम आणि टेम्पलेटही (नव्या व्हीएम काढायचे साचे) यादीत घ्या. सहा महिने बंद असलेली व्हीएम चालू झाली की ती सहा महिन्यांपूर्वीचे पॅच आणि तेव्हाच्याच व्हायरस व्याख्या (व्हायरस ओळखायच्या खुणा) घेऊन नेटवर्कवर येते. तिला काही माहिती नसतं आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही नसतं.

## २. पहारा कुठे बसवायचा ते ठरवा

मार्ग तीन आहेत.

प्रत्येक व्हीएममध्ये पूर्ण एजंट, म्हणजे आत बसणारं सिक्युरिटी सॉफ्टवेअर. साध्या कॉम्प्युटरवर टाकतो तसंच. प्रत्येक मशीनमध्ये स्कॅन इंजिन वेगळं, व्याख्या वेगळ्या, रॅमचा खर्च वेगळा. फायदा असा की आतलं सगळं त्याला दिसतं: कोणती प्रोसेस काय करतेय, मेमरीत काय चाललंय, पॉवरशेलमधून कोणता आदेश सुटला. हायपरवायझर कोणताही असो, त्याला फरक पडत नाही.

लाइट एजंट. व्हीएममध्ये छोटा एजंट असतो आणि जड स्कॅनिंगचं काम त्याच होस्टवरच्या एका वेगळ्या स्कॅन सर्व्हरकडे जातं. एक फाइल एका व्हीएमसाठी तपासून झाली की दुसऱ्या व्हीएममधली तीच फाइल पुन्हा तपासावी लागत नाही. बिटडिफेंडर, कॅस्परस्की वगैरेंची व्हर्च्युअलायझेशनसाठीची उत्पादनं या पद्धतीची आहेत.

एजंटलेस. व्हीएममध्ये वेगळं सॉफ्टवेअर नाही. व्हीएमवेअर टूल्समधला (हायपरवायझर बनवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीचं व्हीएममध्ये टाकायचं सॉफ्टवेअर) एक छोटा ड्रायव्हर फाइलींची माहिती हायपरवायझरमार्फत स्कॅन करणाऱ्या अप्लायन्सला (त्या कामासाठीच्या तयार व्हीएमला) पुरवतो. व्हीएमवेअरने २०१० च्या सुमारास हे दार उघडलं आणि ट्रेंड मायक्रोने त्यावर पहिलं उत्पादन आणलं. कागदावर हे सगळ्यात देखणं दिसतं. पण त्याची नजर मुख्यतः फाइलींवर असते. फाइल न टाकता थेट मेमरीत चालणारा हल्ला त्याला नीट दिसत नाही आणि आज हल्ल्यांचा मोठा भाग तसाच असतो. शिवाय तो ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्सच्या साध्या इन्स्टॉलमध्ये येत नाही, कस्टममध्ये जाऊन निवडावा लागतो. कन्सोलवर व्हीएम दिसते, पण प्रत्यक्षात संरक्षण शून्य, हा घोटाळा तिथूनच होतो.

माझं मत स्पष्ट आहे. पंधरा-वीस व्हीएमपर्यंत पूर्ण एजंटच घ्या. साधं आहे, कुणालाही सांभाळता येतं आणि उद्या हायपरवायझर बदलला तरी पैसे वाया जात नाहीत. एका होस्टवर पन्नास-शंभर व्हर्च्युअल डेस्कटॉप चालवत असाल तर लाइट एजंट बघा. नवीन सुरुवात करणाऱ्याने एजंटलेसच्या वाटेला जाऊ नये.

हायपरवायझर बदलण्याचा मुद्दा हवेतला नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसनची विक्री बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं. तेव्हापासून अनेक छोटी ऑफिसं प्रॉक्समॉक्स किंवा मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरकडे वळली आहेत. येत्या दोन वर्षांत तुमचाही तो विचार असेल, तर एकाच हायपरवायझरला बांधलेलं सिक्युरिटी सॉफ्टवेअर तीन वर्षांसाठी घेऊ नका.

## ३. होस्टचा विचार वेगळा करा

हे पाऊल लोक सगळ्यात जास्त गाळतात आणि नुकसान सगळ्यात मोठं इथेच होतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातल्या हजारो ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरवायझर) होस्टना गाठलं. ज्या भेगेतून ते शिरल्याचं मानलं गेलं, तिचा पॅच दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. हल्ला होस्टवर झाला आणि व्हीएमच्या फाइलीच बाहेरून एन्क्रिप्ट झाल्या. आत कितीही महागडा अँटिव्हायरस असता तरी त्याला काही कळलं नसतं, कारण तो ज्या मशीनच्या आत बसला होता ते मशीनच बाहेरून उचललं गेलं.

जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी एक प्रकार उघड केला. ईएसएक्सआय होस्ट डोमेनला जोडलेला असेल, तर डोमेनमध्ये "ईएसएक्स अ‍ॅडमिन्स" या नावाचा ग्रुप नुसता तयार करून त्यात स्वतःला घालणाऱ्याला होस्टचे पूर्ण अधिकार मिळत होते. रॅन्समवेअर टोळ्या ते प्रत्यक्ष वापरत होत्या.

ईएसएक्सआयवर अँटिव्हायरस टाकायची सोयच नाही, व्हीएमवेअर त्याला सपोर्ट देत नाही. तिथे संरक्षण शिस्तीतून येतं:

- होस्टचं मॅनेजमेंट नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) ठेवा. स्टाफच्या वायफायवरून होस्टचं लॉगिन पान उघडत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते बंद करा.
- होस्ट डोमेनला जोडू नका. त्याचे पासवर्ड वेगळे असू द्या.
- एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) कामापुरतं चालू करा, काम झालं की बंद.
- पॅच वेळेवर लावा.
- बॅकअपच्या जागेचा पासवर्डही डोमेनच्या बाहेरचा हवा आणि एक प्रत अशी हवी जी नेटवर्कवरून पुसता येणार नाही.

प्रॉक्समॉक्स डेबियनवर उभं आहे, त्यामुळे त्यावर लिनक्सचा एजंट टाकता येतो. पण आधी टू-फॅक्टर लॉगिन आणि फायरवॉल चालू करा, दोन्ही त्यात अंगचीच आहेत. हायपर-व्हीच्या होस्टवर अँटिव्हायरस ठेवायला हरकत नाही, मात्र एक्सक्लूजन नीट हवीत. त्याबद्दल पुढे सहाव्या पावलात.

## ४. जे फुकट आलंय ते आधी बघा

विंडोज सर्व्हर २०१६ पासून पुढे डिफेंडर अँटिव्हायरस सोबतच येतो. पाच व्हीएमचं ऑफिस असेल, पॅच वेळेवर लागत असतील आणि ग्रुप पॉलिसीने सेटिंग बांधून ठेवली असतील, तर हा डिफेंडर काही कमी नाही. ज्याच्या कन्सोलकडे वर्षभर कुणी ढुंकून बघत नाही, अशा महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा तो नक्कीच बरा. सगळ्या मशीनचे अलर्ट एका जागी हवे असतील, हल्ल्याचा माग काढायचा असेल, तर मात्र पैसे मोजावे लागतात, मग ते मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर फॉर एंडपॉइंट घ्या किंवा दुसऱ्या कुणाचं.

इथे एक सापळा आहे. विंडोज १० किंवा ११ वर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. विंडोज सर्व्हरवर तो तसा होत नाही. दोन्ही चालू राहतात, दोन्ही तीच फाइल उघडून बघतात आणि मशीन रांगायला लागतं. त्यामुळे सर्व्हरवर नवीन सॉफ्टवेअर टाकल्यावर डिफेंडर बंद झालाय का, ते स्वतः तपासा. नसेल तर सर्व्हर मॅनेजरमधून काढून टाका.

घरगुती पॅक स्वस्त मिळतो म्हणून कुणी सुचवेल. तो सहसा सर्व्हरच्या विंडोजवर चढतच नाही आणि चढला तरी लायसनच्या अटींत बसत नाही. विषय संपला.

लिनक्सवर क्लॅमएव्ही फुकट आहे. मेलच्या अटॅचमेंट किंवा शेअर फोल्डर तपासायला उपयोगी पडतं. पण व्याख्या मेमरीत भरायलाच त्याला एक जीबीहून जास्त रॅम लागते. दोन जीबीच्या व्हीएमवर ते चालू केलंत तर मूळ काम गुदमरेल.

## ५. तीन नावांपर्यंत या

ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज, जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि लंडनची एसई लॅब्ज या संस्थांच्या चाचण्यांचे निकाल फुकट वाचायला मिळतात. ते वाचा, पण फक्त गाळणीसाठी. बहुतेक चाचण्या डेस्कटॉप विंडोजवर घेतलेल्या असतात. तुमच्या होस्टवर सहा व्हीएम एकत्र चालताना काय होईल, ते त्यात सापडणार नाही.

सपोर्टला माझ्या लेखी गुणांइतकंच वजन आहे. रात्री सर्व्हर अडकला आणि समोरचा माणूस तिकीट नंबर देऊन गप्प बसला, तर पहिल्या क्रमांकाचं उत्पादन काय कामाचं? पुण्याच्या क्विक हीलचा व्यवसायांसाठीचा ब्रँड सेक्राइट. तालुक्याच्या गावातल्या ऑफिसांत तो जास्त दिसतो त्यामागे मोठं कारण हेच आहे: जवळ डीलर असतो आणि फोनवर आपल्या भाषेत बोलता येतं. नाव कोणतंही असो, खरेदीआधी सपोर्टला एकदा फोन करून एक अवघड प्रश्न विचारून बघा. "लिनक्सचं कर्नल अपडेट झालं तर तुमचा एजंट चालू राहतो का?" हा प्रश्न चांगला आहे. काही एजंट नव्या कर्नलला ओळखेपर्यंत अर्धवट काम करतात आणि कन्सोलवर हिरवेच दिसतात.

अमेरिकन ग्राहकांचं काम करत असाल तर करार वाचा. अमेरिकेने जून २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या तिथल्या विक्रीवर बंदी जाहीर केली. बंदी तिकडची असली, तरी ग्राहक ती अट करारातून तुमच्यापर्यंत आणू शकतो.

## ६. ट्रायल घ्या, आणि नीट घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. महिनाभराचा ट्रायल बहुतेक कंपन्या देतात. तिन्ही नावं एकदम टाकू नका, एकामागून एक घ्या.

आधीचे आकडे लिहून ठेवा. सॉफ्टवेअर टाकण्याआधी, कामाच्या गर्दीच्या वेळी होस्टचा सीपीयू, रॅम आणि डिस्कची लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा वेळ) नोंदवा. टॅलीत व्हाउचर सेव्ह व्हायला किती सेकंद लागतात, महिन्याचा बॅलन्सशीट उघडायला किती, तेही लिहा. अकाउंटच्या मॅडमना मिलिसेकंद सांगून उपयोग नाही. त्यांना व्हाउचर कळतं, आणि सॉफ्टवेअर राहणार की जाणार हे शेवटी त्यांच्या तक्रारीवरच ठरतं.

एकदम स्कॅन लावून बघा. सहा वेगळे कॉम्प्युटर एकाच वेळी स्कॅन झाले तर काही बिघडत नाही, कारण प्रत्येकाची डिस्क वेगळी असते. सहा व्हीएमची खाली डिस्क एकच. दुपारी एक वाजता सगळ्यांचा फुल स्कॅन सुरू करा आणि होस्टवरचा लेटन्सीचा आलेख उघडून समोर बसा. एरवी पाच-सात मिलिसेकंदांवर रेंगाळणारी रेघ फिरत्या डिस्कवर बघता बघता शंभरच्या वर चढते, रिमोट डेस्कटॉपचा कर्सर अडखळायला लागतो, एसक्यूएल टाइमआउट देतं. मग तेच स्कॅन वेळा विस्कटून लावा आणि फरक बघा. स्कॅनची वेळ आपोआप पुढेमागे करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असायलाच हवी. नसेल तर ते नाव यादीतून काढा. व्याख्यांच्या अपडेटचंही तसंच.

एक्सक्लूजन लावा, पण हात आखडून. हायपर-व्हीच्या होस्टवर व्हर्च्युअल डिस्कच्या फाइली (व्हीएचडी, व्हीएचडीएक्स, चेकपॉइंटच्या एव्हीएचडीएक्स), व्हीएमच्या कॉन्फिगरेशनचे फोल्डर आणि व्हीएमएमएस, व्हीएमडब्ल्यूपी या प्रोसेस वगळाव्या लागतात. मायक्रोसॉफ्टने ही यादी छापलेली आहे. ती लावली नाही तर व्हीएम सुरूच होत नाही, किंवा हायपर-व्ही मॅनेजरमधून चक्क नाहीशी होते आणि सगळ्यांची धावपळ उडते. नेहमीच्या जागी बसवलेल्या हायपर-व्हीसाठी डिफेंडर या गोष्टी स्वतःच वगळतो, दुसरा अँटिव्हायरस वगळेलच असं नाही. व्हीएमचे फोल्डर तुम्ही डी ड्राइव्हवर हलवले असतील तर ते डिफेंडरलाही सांगावे लागतील.

एसक्यूएलच्या व्हीएममध्ये डेटाच्या आणि लॉगच्या फाइली वगळा. ईआरपीवाला "आमचा अख्खा ड्राइव्ह वगळा" म्हणाला तर नकार द्या. नेमका फोल्डर, नेमकी प्रोसेस आणि लेखी मागा.

पकडतं का ते बघा. त्यासाठी खरा व्हायरस आणायची गरज नाही. आयकारची चाचणी फाइल म्हणजे ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ, सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस समजतात. ती प्रत्येक व्हीएममध्ये टाका, शेअर फोल्डरमध्ये टाका, झिपमध्ये टाका. अलर्ट कन्सोलवर किती वेळात येतो ते घड्याळ लावून बघा.

क्लोन करून बघा. टेम्पलेटमध्ये एजंट आधीच टाकून त्यावरून तीन व्हीएम काढल्या, तर अनेक कन्सोलवर त्या तिन्ही मिळून एकच मशीन दिसतं, कारण तिघींचा ओळख क्रमांक एकच असतो. अलर्ट कुणाचा आला ते कळत नाही. क्लोन करण्याआधी तो क्रमांक पुसायची सोय बहुतेक कंपन्या देतात, तिची कृती मागून घ्या आणि करून बघा.

स्नॅपशॉटवर (व्हीएमची जतन केलेली जुनी अवस्था) मागे जाऊन बघा. महिन्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर नेलेली व्हीएम व्याख्याही महिनाभर जुन्या घेऊन येते. ती किती मिनिटांत स्वतःला ताजं करते? कन्सोलशी तिचा संपर्क पुन्हा जुळतो का?

काढून टाकून बघा. अनइन्स्टॉल नीट होत नसेल, नेटवर्कचा ड्रायव्हर मागे राहत असेल, तर ते खरेदीआधीच कळलेलं बरं.

## ७. कोटेशन समोर ठेवून हे विचारा

- मोजणी कशी: व्हीएममागे, सॉकेटमागे की होस्टमागे? सॉकेटमागे असेल तर एका सॉकेटवर किती कोअरपर्यंत?
- सर्व्हर आणि डेस्कटॉपचा दर वेगळा आहे का?
- बंद व्हीएम आणि टेम्पलेट लायसन खातात का? पुसलेली व्हीएम मोजणीतून किती दिवसांनी जाते?
- लिनक्सचा एजंट यातच आहे की वेगळे पैसे?
- कन्सोल क्लाउडवर आहे की आपल्याकडे? आपल्याकडे असेल तर त्याच्या व्हीएमला किती रॅम द्यायची?
- दुसऱ्या वर्षीच्या रिन्यूअलचा दर आत्ताच लिहून देणार का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. पहिल्या वर्षीची घसघशीत सूट दुसऱ्या वर्षी टिकेलच याची खात्री नसते आणि तेव्हा तुम्ही अडकलेले असता. थोड्या व्हीएम असतील तर मशीनमागचा दर परवडतो. एका होस्टवर तीस-चाळीस व्हीएम असतील तर सॉकेटमागचा हिशेब करून बघा.

## ८. एका रात्रीत सगळीकडे टाकू नका

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. व्हीएमच्या बाबतीत दुरुस्ती अशी होती: व्हीएम बंद करा, तिची डिस्क सोडवा, दुसऱ्या चांगल्या व्हीएमला जोडा, ती एक फाइल पुसा, डिस्क परत जागेवर लावा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर त्याची किल्ली शोधा. किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोच निळा पडलेला असला की कामाला आणखी फाटे फुटत. एजंटचं व्हर्जन एक पाऊल मागे ठेवणाऱ्यांनाही तेव्हा फटका बसला, कारण हा अपडेट व्हर्जनचा नव्हता, आतल्या मजकुराचा (हल्ले ओळखायच्या माहितीचा) होता आणि तो सगळीकडे एकदमच गेला. म्हणून विक्रेत्याला थेट विचारा: मजकुराचे अपडेटही टप्प्याटप्प्याने घेता येतात का?

तुमचे टप्पे असे ठेवा. आधी एक बिनमहत्त्वाची व्हीएम. आठवड्याने फाइल सर्व्हर. मग टॅली आणि एसक्यूएल. डोमेन कंट्रोलर सगळ्यात शेवटी, आणि दोन असतील तर एकाच दिवशी दोन्हींवर नाही. प्रत्येक टप्प्याआधी बॅकअप. स्नॅपशॉट घेतलात तर काम झाल्यावर तो काढून टाका, महिनोन्महिने तसाच राहिला तर डिस्क भरते.

## ९. चालू झाल्यावर

रोज सकाळी कन्सोल कोण बघणार, त्याचं नाव ठरवा. सुट्टीच्या दिवशी कोण, तेही.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावी लागतात. हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. निवडलेलं सॉफ्टवेअर १८० दिवसांचे लॉग ठेवतं की ३० दिवसांनी पुसतं, ते सेटिंगमध्ये बघा. कमी असेल तर लॉग बाहेर साठवायची सोय करा. व्हीएमचं घड्याळही तपासा. होस्टची वेळ एक आणि डोमेनची दुसरी असेल तर व्हीएम दोघांच्या ओढाताणीत सापडते आणि लॉगमधल्या वेळांचा ताळमेळ लागत नाही.

एक कागद छापून सर्व्हर रूमच्या बाहेर, साहेबांच्या कपाटात ठेवा. त्यावर होस्टचा आयपी, होस्टच्या कन्सोलवर शिरायची पद्धत, बिटलॉकरच्या किल्ल्या, अँटिव्हायरसचा अनइन्स्टॉल पासवर्ड, सपोर्टचा नंबर आणि लायसन क्रमांक, सर्ट-इनचा टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. लोकल अ‍ॅडमिनचे पासवर्ड बंद पाकिटात, त्याच कपाटात. पासवर्ड बदलला की पाकीटही बदला.